हे बिल तुमच्या घरचं आहे काय?

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) एका अनुदानित मराठी हायस्कूलच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव देत नाही. शाळा खाजगी संस्थेची. दहा वर्ग, प्रत्येक वर्गात दोन पंखे, ऑफिस, कॉम्प्युटरची खोली, बोअरची मोटर. जूनपासून लाईटबिल वाढत वाढत साडेआठ हजारांवर गेलं. संस्थेनं मुख्याध्यापकांना जाब विचारला आणि मुख्याध्यापकांनी वीजबचतीचं काम या बाईंच्या गळ्यात घातलं. बाईंनी वर्गावर्गांत ‘दिवे-पंखे बंद करा’ असे कागद चिकटवले, प्रार्थनेच्या वेळी सांगून पाहिलं, शेवटी पंखा चालू ठेवून बाहेर पडणाऱ्या वर्गाला १० रुपये दंड लावला. दोन महिने झाले, बिल हललेलं नाही. मुलं आता त्यांना ‘लाईटच्या बाई’ म्हणतात. एका ज्येष्ठ सरांनी तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, हे बिल तुमच्या घरचं आहे काय?” त्या लिहितात, “शेजारच्या सरकारी शाळेला वीज फुकट आणि आम्हालाच हा ताप. मुलांना शिस्त नाही, शिपाई लक्ष देत नाही, सहकारी हसतात. दंड वाढवू? संस्थेकडे सोलरचा आग्रह धरू? की हे काम सोडून देऊ?”

बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सरांचं ते वाक्य तुम्हाला लागलं असणार, चारचौघांत कुणालाही लागेल. पण त्यातला खवचटपणा बाजूला ठेवून तो प्रश्न म्हणून एकदा बघा. तुमच्या शाळेचं बिल खरोखर कुणाचं आहे? मुलांनी ते कधी पाहिलेलं नाही. शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, त्याला बिलाचा धक्का लागत नाही. मुख्याध्यापक सही करून ते पुढं पाठवतात. भरते संस्था, आणि संस्थेची माणसं शाळेत येतात ती मीटिंगला नाहीतर झेंडावंदनाला. पंखा चालू ठेवणारा आणि पैसे भरणारा यांची वर्षभरात गाठच पडत नाही. अशा ठिकाणी कुठल्याही गावची, कुठल्याही भाषेची माणसं पंखा बंद करायला विसरतील. म्हणून ‘आमच्या मुलांना शिस्त नाही’ हे वाक्य आधी मनातून काढून टाका. ते खरं नाही, आणि त्याच्या आधारानं पुढचं काम होणारही नाही.

दुसरी गोष्ट. पत्रात तुम्ही रुपये लिहिलेत, युनिट लिहिले नाहीत. बिल हातात घेऊन तुम्ही वाचलंय का? हेस्कॉमचं, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी वीज कंपनीचं, बिल कन्नडमध्ये असतं, त्यामुळं आपल्याकडं बरेच जण खालची रक्कम तेवढी बघतात. तुमच्या शाळेत कन्नडचे सर किंवा बाई असतीलच. त्यांच्या शेजारी बसून गेल्या बारा महिन्यांची बिलं ओळीनं वाचा. ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार. तो मंजूर भारावर, म्हणजे जोडणीला मंजूर करून घेतलेल्या किलोवॅटवर लागतो, तुम्ही एक दिवासुद्धा लावला नाहीत तरी भरावाच लागतो. ‘बाकी’ तर दोन्ही भाषांत बाकीच. मागचं बिल उशिरा भरलं असेल तर त्याची थकबाकी आणि व्याज याच रकमेत मिसळलेलं असतं, आणि त्याचं खापर मात्र आठवी-नववीच्या पोरांवर फुटतं. कधीकाळी वेल्डिंगसाठी वा कार्यक्रमासाठी भार वाढवून घेतलेला असेल आणि आता तो लागत नसेल, तर कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. एवढं पाहिल्यावर जे उरतं ते युनिट. आपल्याला बोलायचं आहे ते त्यांच्याविषयी.

आता हिशेब करू. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅटचा. तुमचे वीस पंखे म्हणजे १,६०० वॅट. जेवणाच्या ४० मिनिटांच्या सुट्टीत सगळ्या वर्गांनी सगळे पंखे बंद केले, एकही चुकला नाही, तर वाचतं जेमतेम एक युनिट. ज्यासाठी तुम्ही दारादारांत उभ्या राहता, दंड लावता, मुलांचा रोष घेता, ते हे एक युनिट.

आता शनिवार बघा. सकाळची शाळा. पावसाचे दिवस, अकराला लाईट गेली. तुमच्या भागात ती जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. बारा वाजता शाळा सुटली तेव्हा पंखे थांबलेले, वर्ग अंधारे, सगळं बंदच दिसतंय. मुलं दप्तरं उचलून पळाली, शिपाईमामांनी दारं ओढून कुलपं लावली. बटणं मात्र चालूच. दुपारी दोनला लाईट आली आणि बंद खोल्यांत दहा पंखे फिरायला लागले, ते सोमवारी सकाळी नऊपर्यंत फिरले. ४३ तास. दहा पंख्यांचे ८०० वॅट धरले तर ३४ युनिट. जेवणाच्या सुट्टीतली महिना-सव्वा महिन्याची बचत एका शनिवार-रविवारी गेली, आणि त्या वेळी शाळेत माणूसच नव्हता.

तुमच्या शाळेत असंच होतंय असं मी म्हणत नाही. पण शाळेची वीज जाते ती मुलं वर्गात असताना, हे आपण सगळेच धरून चालतो. ते तपासून बघायला हवं. तपासायला पैसे लागत नाहीत. शाळा सुटून कुलपं लागल्यावर मीटरचा आकडा लिहायचा, सकाळी कुलूप काढल्याबरोबर पुन्हा लिहायचा. मधला फरक म्हणजे शाळेचं रात्रीचं खाणं.

मी विज्ञान शिकवायचो त्या शाळेत आठवीच्या मुलांना हे काम दिलं होतं, ‘वीज’ हा धडा चालू होता म्हणून. फळ्याच्या कोपऱ्यात रोज दोन आकडे आणि त्यांची वजाबाकी. पहिल्याच आठवड्यात मुलं माझ्याकडं आली. “सर, रात्रीला चार-पाच युनिट जायलेत की. कुणी वापरायलंय?” मलाही उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला गेलो. जुलै महिना, व्हरांड्यात पागोळ्या गळत होत्या, मला स्वेटरमध्येही थंडी वाजत होती. माजी विद्यार्थ्यांनी दिलेला पाण्याचा कूलर कोपऱ्यात घरघरत उभा होता. नळाखाली हात धरला तर बोटं बधिर व्हावीत इतकं गार पाणी. रात्रभर, रविवारभर, दसऱ्याच्या सुट्टीभर तो कूलर कुणासाठी पाणी गार करत होता? देणगीची वस्तू, तिचं बटण बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. रोज त्याच्यापुढून जात होतो मी. त्या दिवसापासून कूलर उन्हाळ्यापुरताच लागला, तोही शाळा भरल्यावर. त्यासाठी कुणाला बोलावं लागलं नाही, कारण शोध मुलांनीच लावला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. महिनाभर काही बंद करायला सांगू नका, फक्त मोजा. आठवी-नववीतली चार मुलं-मुली घ्या, एक जाड वही घ्या. मीटर दारात किंवा व्हरांड्यात असेल तर आकडा लांबून वाचता येतो. मीटरच्या बोर्डाला, वायरला, मेन स्विचला मुलांनी हात लावायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. एवढा एक नियम मात्र कडक ठेवा. आकडे प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवा, उपदेश जोडू नका. “काल दिवसा १४ युनिट, रात्री ६” एवढंच. ‘युनिट’ हा शब्द मुलांना नवा नाही. घरगुती मोफत विजेची गृहज्योती योजना २०२३ मध्ये आली तेव्हापासून आपल्याकडं घराघरांत आया मीटर बघतात, कारण २०० युनिटांच्या आतसुद्धा आपल्या आधीच्या सरासरीला बांधलेली मर्यादा असते आणि ती ओलांडली की पैसे पडतात. म्हणजे मुलांच्या घरी हिशेब चालतो. शाळेत तो कधी त्यांच्यासमोर मांडलाच गेला नाही.

शेजारच्या सरकारी शाळेचं म्हणाल, तर सरकारी शाळा-कॉलेजांना मोफत वीज-पाणी देण्याची घोषणा १ नोव्हेंबर २०२३ ला झाली ती सरकारी शाळांपुरती. तुमची शाळा संस्थेची, अनुदान मुख्यतः पगाराचं. हा भेद तुम्हाला अन्यायाचा वाटतो, आणि मुलं दोन्हीकडं त्याच गावची असतात हे खरंच आहे. संस्थाचालकांनी ते सरकारपुढं मांडायला हवं. तोवर बिल भरायचं आहेच.

आता मामांबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘शिपाई लक्ष देत नाही’. पाच वाजता त्यांच्या मागं काय काय असतं बघा. दहा खोल्या, दोन जिने, ऑफिसचा फोन, कुणाचं तरी दप्तर राहिलेलं, पाण्याची मोटर, गेट. दहा खोल्यांतली चाळीस-पन्नास बटणं एकेक करून बघायची अपेक्षा कुणाकडूनही करू नये. त्याऐवजी वायरमनला बोलवा आणि वर्गांची लाईन एका मेन स्विचवर घेता येते का ते विचारा. ऑफिस, सीसीटीव्ही, इन्व्हर्टर यांची लाईन वेगळी. बऱ्याच शाळांत ती वेगळी असतेच, फक्त कुणाला माहीत नसते. मग मामांनी शेवटचं कुलूप लावताना एक खटका खाली ओढला की झालं. लाईट कधीही जावो, कधीही येवो. यात खर्च असलाच तर एकदाच. आणि हे मामांना ‘सांगू’ नका, त्यांना बरोबर घेऊन ठरवा. कुठलं बटण कशाचं हे शाळेत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

बटणांवरून आठवलं. कुठल्याही वर्गातला जुना काळा बोर्ड बघा. चार-पाच बटणं एका रांगेत, सगळी सारखी. खिडकीकडची ट्यूब तेवढी बंद करायची म्हटली तर मूल आधी दोन पंखे बंद करतं, वर्ग ओरडतो, मग ते घाबरून सगळंच चालू ठेवून जागेवर जाऊन बसतं. मुलींना सांगा, नेलपॉलिश आणा. पंख्याच्या बटणाखाली लाल ठिपका, खिडकीकडच्या ट्यूबला हिरवा, भिंतीकडच्या ट्यूबला पिवळा. टिकल्या लावू नका, पावसाळ्यात निघून पडतात. तुमच्या त्या चिकटवलेल्या कागदापेक्षा हे ठिपके जास्त काम करतील. कागद आठवडाभरानं भिंतीचा भाग होतो, डोळ्यांना दिसेनासा होतो. ठिपका बोटाखालीच येतो.

खिडकीकडची ट्यूब वेगळी म्हणतोय कारण पावसाळा सोडला तर बेळगाव-खानापूरकडच्या वर्गांत खिडकीजवळच्या दोन रांगांना दिवसा दिवा लागत नाही. फळ्याजवळचा लागतो. कौलारू वर्ग असेल तर दोन-चार काचेची कौलं बसवून घ्या. पूर्वी आपल्या घरांत माजघरात असायचीच. असतील तर ती धुवून घ्या, वर्षानुवर्षं शेवाळ साठलेलं असतं. पंख्याचंही तसंच. तुमच्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी सकाळच्या तासाला पंखा चालू असतो तो गरमीसाठी नाही, सवयीनं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र मुलांना घामात बसवून बचत करू नका. शाळा ही वीज वापरायचीच जागा आहे, मुलाला नीट दिसलं पाहिजे आणि नीट बसता आलं पाहिजे.

दंड लगेच बंद करा. वाढवायचा तर विचारही नको. इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला, तर उशीर वाढला. आधी पालकांना ताईंना थांबवून ठेवल्याची लाज वाटायची, आता पैसे मोजले की झालं. पुढं दंड काढून टाकला तरी गेलेली लाज परत आली नाही. तुमच्या शाळेतही १० रुपये वर्गात वाटून भरले की पंखा चालू ठेवायचा परवानाच मिळतो. शिवाय ते १० रुपये मजुरीला जाणाऱ्या आईच्या पदरच्या गाठीतून येतात. हे तुमच्या मनाला पटत नसणार, मला पत्रातून जाणवलं.

स्टाफचं कोडं जरा नाजूक आहे. कॉम्प्युटरच्या खोलीत स्क्रीनवर चित्रं नाचत असली तरी वीज जातेच, यूपीएसचं बटण भिंतीतून बंद करायला लागतं. हे तुम्ही सरांना सांगायला गेलात तर पुन्हा तोच टोमणा येईल. आठवीच्या मुलीनं वही घेऊन येऊन विचारलं, “सर, कॉम्प्युटर बंद केले की लिहू का?” तर सर उठतात. मी पाहिलंय हे. पण मुलांना पोलीस करू नका. कुणाचं नाव लिहायचं नाही, कुठला वर्ग चुकला ते फळ्यावर लावायचं नाही. सगळ्या शाळेचा मिळून एकच आकडा.

मोटरचं थोडक्यात सांगतो. टाकी भरून पन्हाळीतून पाणी वाहायला लागलं की मगच मोटर बंद होत असेल तर रोज वीजही वाहते आणि पाणीही. दोन एचपीची मोटर तासाला दीड-दोन युनिट खाते. आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा, आणि गळके नळ आधी दुरुस्त करा, कारण गळणारं पाणी वर चढवायलाही मोटरच लागते. अक्षर दासोहचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, स्वयंपाक शाळेतच होत असेल तर त्या मावशींशी बोला. डाळ रात्री भिजत घालणं, पातेल्यावर झाकण ठेवणं, उकळी आली की आच कमी करणं, हे त्या घरी करतातच. शाळेत मोठं झाकण नसतं किंवा डाळ सकाळी उशिरा काढून मिळते, म्हणून राहतं. त्यांना काय हवं ते विचारा.

सोलर वाईट नाही. पण शाळेची वीज कुठं जाते हे कळायच्या आधी ते बसवणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीसाठी मोठी विहीर खणण्यासारखं. चार-सहा महिन्यांचे आकडे हातात आले की किती किलोवॅटचं बसवायचं ते कळेल, आणि ते कमीच निघेल. पंखे-ट्यूबचंही तसंच. सगळे एकदम बदलायला संस्था पैसे देणार नाही. एक नियम तेवढा करून घ्या की जळालेल्या पंख्याचं रिवाइंडिंग करायचं नाही, त्या जागी कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा आणायचा. तो ३० वॅटच्या आसपास घेतो. छताच्या पंख्यांवर स्टारचं लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, ते बघून घ्या. चोकवाली जुनी ट्यूब गेली की एलईडी. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केला तरी वीज फारशी वाचत नाही, ती रेग्युलेटर तापवण्यात जाते. हात लावून बघा, कोमट लागतो.

आता सरांच्या प्रश्नाकडं परत येतो. बिल कुणाचं?

जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरानं १९९४ मध्ये शाळांशी एक साधा करार केला. शाळेनं नुसत्या सवयी बदलून जेवढे पैसे वाचवले त्यातले निम्मे शाळेचे, निम्मे महापालिकेचे. त्याला ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणतात आणि पुढं इतर गावांनी, इतर देशांनी तो उचलला. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वाचलेले पैसे मुलांना डोळ्यांनी दिसतात. तुमच्याकडं उद्या बिल दोन हजारांनी उतरलं तर ते दोन हजार संस्थेच्या खात्यात राहतील, आणि मुलांना मिळेल काय? तर “शाबास, अजून कमी करा.” दोन वेळा होईल, तिसऱ्या वेळी होणार नाही, आणि मुलांचं त्यात काही चुकणारही नाही.

तेव्हा संस्थेकडं सोलरचा नाही, हा आग्रह धरा. गेल्या तीन वर्षांची बिलं पुढं ठेवा, प्रत्येक महिन्याचे सरासरी युनिट काढा. यंदा त्याच महिन्यात जेवढे युनिट कमी होतील त्यांच्या पैशांतले निम्मे शाळेला परत, आणि ते कशावर खर्च करायचे हे मुलं ठरवतील. लेखी घ्या, मीटिंगच्या ठरावात घ्या. तोंडी शब्दावर राहू नका, पदाधिकारी बदलले की तो विरतो. रुपयांशी नाही, युनिटांशी तुलना करा, म्हणजे मध्येच दर वाढले तरी मुलांची मेहनत बुडणार नाही. आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, जादा तासांचे महिने एसएसएलसीच्या महिन्यांशीच ताडा. मुलं काय घेतील? आमच्या वेळी व्हॉलीबॉलची नेट घेतली होती. त्या नेटसाठी आठवीतला एक पोरगा पाच वाजता सगळ्या वर्गांतून फिरायचा, आणि त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

संस्था ‘नाही’ म्हणाली तर? म्हणू शकते. मग काम सोडायचं की नाही हे तेव्हा ठरवा, आणि सोडलंत तर अपराधी वाटून घेऊ नका. वाचलेल्यातला वाटा नाही, खर्चाचा अधिकार नाही, नुसती जबाबदारी, असं काम कुणा एका बाईवर टाकणंच चूक आहे. पण आधी विचारून बघा. पैसे वाचवून देतो म्हणणाऱ्याला संस्था शक्यतो दारातून परत पाठवत नाही. जाताना त्या सरांना बरोबर घेऊन जा. खरंच. ते ज्येष्ठ आहेत, संस्थेत त्यांचा शब्द चालत असेल, आणि प्रश्न तर त्यांनीच काढलाय. त्यांना सांगा, “सर, बिल माझ्या घरचं नाही. पण ते मुलांचं करता येईल असं वाटतंय. तुम्ही बोलाल का?”

त्याआधी एक करा. या शनिवारी शाळा सुटून कुलपं लागली की पाच मिनिटं थांबा आणि मीटरसमोर उभं राहून आकडा वहीत लिहा. सोमवारी मामांच्या आधी पोचा आणि पुन्हा लिहा. दोन्ही आकडे मला कळवा. आणि शाळेत पाण्याचा कूलर आहे का, तेही कळवा.